साखर सगळेच ठेवतात

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात देशी लोकांच्या बॅकयार्डात दोन गोष्टी हमखास दिसतात, लिंबाचं झाड आणि हमिंगबर्ड नावाच्या इवल्या पक्ष्यासाठी टांगलेला साखरपाण्याचा लाल फीडर. (कढीपत्त्याची कुंडी असतेच, ती धरलेली नाही.) लिंबाचं कोणी काही विचारत नाही पण फीडरवरून आमच्या ग्रुपवर दर काही दिवसांनी चर्चा झडते, साखर किती घालायची, गूळ चालेल का, मध जास्त हेल्दी नाही का. तर एकदाचं सांगून टाकते. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बास. गुळात लोह असतं ते या पक्ष्याला सोसत नाही, मधाच्या पाण्याला बुरशी पटकन धरते, आणि पाण्यात लाल रंग तर अजिबात नको, फीडर लाल आहे तेवढं पुरे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत पाणी बदलायचं, फीडर गरम पाण्याने घासायचा. झालं.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. साखर सगळेच ठेवतात. साखर हे या पक्ष्याचं पेट्रोल आहे, अंगाला लागतात ती चिलटं, मावा, बारीकसारीक कोळी. पिल्लांच्या पोटात तर मुख्यतः तेच जातं. त्यामुळे ज्यांच्या यार्डात महिन्याला फवारणीवाला येऊन जातो त्यांच्याकडे पक्षी येतो, पितो, आणि जातो. आणि मग ते मला विचारतात तुझ्याकडे काय वेगळं आहे गं? माझ्याकडे पसारा आहे.

हे आईला पटवणं अवघड होतं. आई पुण्याहून आली ती दिवाळीच्या तोंडावर, आणि दिवाळीच्या तोंडावर जळमटं न काढणं हे तिच्या हिशोबात बसतच नाही. घरातली संपवली आणि लांब दांड्याचा झाडू घेऊन मागच्या पॅटिओकडे निघाली, तिथे कुंपणाला आणि छपराच्या कडेला कोळ्यांनी मस्त संसार मांडलेले. मी म्हटलं आई ती राहू दे. ती म्हणाली, "अगं लोक काय म्हणतील, लक्ष्मीपूजन आहे." मी म्हटलं अगं ती हमिंगबर्डला घरट्यासाठी लागतात.

आणि लागतातच. आमच्याकडे असतो तो अ‍ॅनाज हमिंगबर्ड, हा स्थलांतर वगैरे फारसं करत नाही, वर्षभर इथेच, आणि याची घरटी करायची वेळ म्हणजे पावसाळा, जो इथे हिवाळ्यात येतो. म्हणजे आपली साफसफाई आणि मादीची जळमटांची शोधाशोध अगदी पाठोपाठ. मादी वाळक्या फुलांचा कापूस गोळा करते, तो कोळिष्टकांनी बांधते, वरून दगडफुलासारखं काहीतरी चिकटवते की फांदीत दिसूच नये. तीन-चार सेंटिमीटरची वाटी, त्यात दोन अंडी. कोळिष्टकाचा खरा उपयोग पुढे कळतो, पिल्लं फुगायला लागली की वाटी ताणली जाते, फाटत नाही. पक्षीण स्वतः किती, तर साडेचार ग्रॅमच्या आसपास, इथलं पाच सेंटचं नाणंसुद्धा 5 ग्रॅमचं असतं.

आई झाडू हातात धरून ऐकत होती, मग म्हणाली, "म्हणजे आपल्या शिंजिरासारखंच." पुण्यात तिच्या बाल्कनीत कपड्यांच्या तारेला शिंजिराने लोंबतं घरटं केलं होतं, जळमटं, काटक्या, कागदाचे कपटे सगळं लावून, तेव्हा तिनेच महिनाभर त्या तारेवर कपडे वाळत घालू दिले नव्हते! गंमत म्हणजे दोघांचं नातं काहीच नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत, शिंजीर तिकडे आशिया-आफ्रिकेत, दोघंही फुलातल्या मधाच्या मागे लागून लांब चोचीचे झाले. फरक इतकाच की शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसून पितो आणि हा हवेत उभा राहून. तर तह असा झाला की पुढचं दार आणि तुळशीजवळचं आईचं, मागचं कुंपण कोळ्यांचं.

फुलांचं म्हणाल तर नर्सरीतून महागडं काही आणू नका. आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी कोरफडीवर असते, तिला हिवाळ्यात केशरी फुलांचे दांडे येतात तेव्हा. त्याशिवाय इथली रानसेज, आणि मॅन्झानिटा नावाचं इथलंच झुडूप, जे ऐन थंडीत फुलतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी मुख्यतः दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याखालच्या मेक्सिकोतल्या बाजा भागातच घरटी करायचा, आता पार कॅनडातल्या व्हँकुवरपर्यंत पोचलाय, ते लोकांनी लावलेल्या निलगिरीच्या, बागेतल्या परदेशी फुलांच्या आणि फीडरच्या जिवावर. म्हणजे बाहेरून आलेल्या झाडांचा हात धरून हा वर सरकत गेला, आम्ही तरी वेगळं काय करतोय.

नराबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. दिसायला डोकं-गळा झगमगीत गुलाबी, उन्हाचा कोन चुकला की तोच काळपट. मादीसमोर उंच चढून सूर मारतो आणि खाली पोचताना एकदम 'चीप' असा कडक आवाज येतो, तो गळ्यातून नाही, शेपटीच्या पिसांतून, बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 साली हे दाखवून दिलं. आवाज मोठा, पण घरटं, अंडी, पिल्लं यातलं एकही काम हा करत नाही. तिकडे बाई जळमटं गोळा करत फिरतायत आणि हे महाशय लिंबावर बसून फीडरचा पहारा करतात, दुसरं कोणी आलं की हाकलून देतात. यावर उपाय सांगतात की दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला लावा, म्हणजे एकाच जागेवरून दोन्ही दिसणार नाहीत. लावला. आता तो छपराच्या कोपऱ्यावर बसतो, तिथून दोन्ही दिसतात.