पोटशूळ उठला की तेलाची बाटली आधी लपवा

सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा घरी आला की पहिले दहा-बारा दिवस नजर त्याच्या लिदीवर हवी. दत्तजयंतीचा बाजार, म्हणजे ऐन थंडी. टेम्पोतला प्रवास झालेला, गार पाण्याला घोडा तोंड लावत नाही, वर कोरडा कडबा आणि नव्या मालकाने कौतुकाने ओतलेली चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक. लीद कमी पडली, गोळे बारीक-कोरडे झाले की समजा, आतडं तुंबायला लागलंय.

पुढे तो पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून कुशीकडे बघतो, वरचा ओठ उलटा करतो, बसतो-उठतो, लोळतो. चंदी-चारा लगेच काढा आणि डॉक्टरांना फोन करा. ते येईपर्यंत ठोके मोजा. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने बोट फिरवलं की दोरीसारखी शीर सरकते. 15 सेकंद मोजून चारने गुणा. शांत उभ्या घोड्याचे मिनिटाला 28 ते 44 पडतात. साठीच्या वर गेले आणि तिथेच राहिले, तर मामला गंभीर. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा, दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. मग दोन्ही कुशींना मिनिट-मिनिट कान लावा. गुडगुड ऐकू आली तर बरं, पार शांतता असेल तर वाईट. ताप 37.5 ते 38.5 सेल्सिअसच्या आत हवा. थर्मामीटर गुदद्वारात घालताना त्याला दोरा बांधून चिमटा शेपटीला लावा, नाहीतर तो आत ओढला जातो.

आता तेल. मान वर ताणून बाटलीने किंवा बांबूच्या नळीने गोडेतेल, ओवा, हिंग पाजायची रीत अजून गावोगाव आहे. ते श्वासनळीत उतरतं, तेलाने ठसकाही धड लागत नाही, आणि पोट मोकळं झालं तरी घोडा फुप्फुसाने जातो. डॉक्टर नाकपुडीतून जठरापर्यंत नळी घालतात ते उगाच नाही. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून तुंबलेलं पाणी आधी त्या नळीने बाहेर काढावं लागतं. पॅराफिन, म्हणजे लीद सैल करणारं औषधी तेल, द्यायचं की नाही, ते त्यानंतर.

वेदनाशामक इंजेक्शनही आपल्या मनाने नको. दुखणं झाकलं जातं आणि आतड्याला पडलेला पीळ उशिरा कळतो. कुणी आधीच टोचलं असेल तर औषध, मात्रा, वेळ डॉक्टरांना सांगा. रात्रभर फिरवणंही खुळेपणाच. लोळायला लागला तर दहा मिनिटं चालवा, शांत पडला असेल तर पडू द्या.

हे टाळायचं तर खरेदीच्या दिवशीच जुन्या मालकाकडून आठवडाभराची चंदी मागून घ्या. नवी चंदी पाव हिश्शाने सुरू करून सात ते दहा दिवसांत बदला. पाणी कोमट करून, दिवसाला 25 ते 40 लिटर पोटात जातंय का ते बादल्या मोजून बघा. चंदीत 30 ग्रॅम मीठ घातलं की तहान आपोआप लागते.