मांजर सोडण्याआधी फुंकायची तपासणी : माझा अनुभव

श्वासाचा जुना आजार असलेल्या माणसाच्या घरी मांजर दिसले की प्रत्येकाला निदान सुचते. आमच्याकडे एक भाटी आणि तिचाच मोठा झालेला बोका आहे. माझी छाती भरून येऊ लागल्यापासून शेजारी, सोयरे आणि शेवटी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टर, सर्वांनी मांजरे घालवा एवढेच सांगितले. जावयांनी तर नदीपलीकडे सोडून येण्यासाठी पोतेही काढून ठेवले होते. माझी उमेदीची वर्षे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, गेली, अंघोळीच्या पाण्यासाठी आमच्या अंगणात आजही पऱ्हाट्यांची चूल पेटते, आणि भाव वाढेल या आशेवर संक्रांत उलटली तरी निजायच्या खोलीत आढ्याला टेकेल एवढा कापूस भरलेला असतो. यांपैकी एकही गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही. त्यांनी छातीला नळी लावली, सकाळ-संध्याकाळ ओढायचा पंप लिहून दिला आणि पुढचा रुग्ण बोलावला.

गावच्या आशाताई म्हणाल्या की फुप्फुसात हवा किती आणि किती वेगाने जाते-येते हे मोजणारी तपासणी असते, तिला स्पायरोमेट्री म्हणतात, आणि ती झाल्याशिवाय दमा की सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) हे नीट कळत नाही. ती आपल्याच तालुक्याला होते, असेही त्यांनी सांगितले. माझे घोडे तिथेच अडले.

यंत्र होते, हे मी स्वतः पाहिले आहे. खोलीच्या कोपऱ्यात प्लास्टिकचे आवरण घालून ते ठेवलेले होते आणि त्यावर दसऱ्याच्या पूजेची झेंडूची माळ वाळून तशीच पडली होती. तोवर शिमगा तोंडावर आला होता. खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितले, "चालोनारे भाऊ डेप्युटेशनवर गेले, सोमवारी येजा." सोमवारी ते भाऊ होते, पण तोंडात धरायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या संपल्या होत्या आणि त्यांची मागणी पाठवलेली होती. मागणी कधी पाठवली, असे मी विचारले तेव्हा ते दुसऱ्या टेबलावर विचारायला सांगण्यात आले, आणि दुसऱ्या टेबलावरचे साहेब मीटिंगला गेलेले होते. जिल्ह्याला जाण्यासाठी चिठ्ठी द्या म्हटले, तर सोय इथे असताना चिठ्ठी देता येत नाही, असे उत्तर मिळाले. सोय कागदावर असल्यामुळे बाहेर पाठवायचे नाही आणि प्रत्यक्षात नसल्यामुळे तपासायचेही नाही, या पेचावर माझ्याजवळ आजही उत्तर नाही. दर खेपेला केस पेपर मात्र नवा काढावा लागे, आणि पहिली एसटी हुकली की रांगेत नंबर मागे जाई.

एकदा सगळे जुळून आले. यंत्र सुरू होते, माणूस जागेवर होता, नळ्याही आलेल्या होत्या. त्या भाऊंनी विचारले, "सकाळी पंप घेतला काय?" घेतला होता, कारण याच दवाखान्याच्या कागदावर तसे लिहिलेले होते. "मग आज होत नाही," असे म्हणून त्यांनी यंत्र बंद केले. पंपाने श्वासनळ्या आधीच मोकळ्या झालेल्या असतात आणि मोजमाप चुकते, हे कारण खरेच आहे; परंतु केस पेपरवर त्यासाठी एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागला असता? म्हणून मी सांगतो : तातडीचा पंप साधारण 4 ते 6 तास आणि दीर्घकाळ टिकणारा पंप प्रकारानुसार 12 ते 48 तास आधी थांबवावा लागतो. नेमके किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि धाप लागलीच तर तपासणी गेली तरी चालेल, पण पंप घ्यावा. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला असेल किंवा डोळ्याचे, पोटाचे ऑपरेशन झालेले असेल, तर तेही आधीच सांगावे.

अखेर चिठ्ठीचा नाद सोडून मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथे नाकाला चिमटा लावून छाती भरून श्वास घ्यायला लावला आणि ताईंनी "फुंका, फुंका, अजून फुंका" असा धोशा लावला. मग पंपाचे चार झटके देऊन पंधरा मिनिटे बसवले आणि पुन्हा फुंकायला लावले. जोर लावून पहिल्या सेकंदात सोडलेली हवा आणि एकूण सोडलेली हवा यांचे प्रमाण पंपानंतरही 0.70 च्या खाली राहिले, म्हणजे सीओपीडी. तिथल्या डॉक्टरांनी मांजराच्या आधी कापूस कुठे ठेवता हे विचारले, तेव्हा मला अर्धे बरे वाटले. रक्ताच्या तपासणीत मांजराची ॲलर्जीही निघाली, पण सौम्य.

डॉक्टरांच्या मते धूर आणि धूळ हे माझे मुख्य वैरी आहेत, आणि मांजरे काही अटींवर घरात राहू शकतात. ज्यांची ॲलर्जी तीव्र आहे किंवा मांजराजवळ जाताच ज्यांचा दम कोंडतो, त्यांनी माझा दाखला घेऊ नये. बाधते ते मांजराच्या केसापेक्षा त्याच्या लाळेतील आणि कातडीच्या तेलकटपणातील प्रथिन. ते वाळून हवेत तासन्‌तास तरंगते आणि मांजर गेल्यावरही घरात कित्येक महिने टिकते, त्यामुळे आठ दिवस मांजर पाहुण्यांकडे ठेवून फरक पडतो का हे पाहण्यात अर्थ नाही.

कापूस आता मागच्या पडवीत गेला आणि त्यावर लोळणारी मांजरेही त्याच्यासोबत गेली. निजायच्या खोलीचे दार दिवसाही बंद असते, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुतल्या जातात, आणि कोरडा झाडू मारण्याऐवजी ओले फडके फिरवले जाते, तेही मी बाहेर असताना. मांजरांचे केस विंचरण्याचे काम सूनबाई अंगणात करतात. पंपाचे टोपण नेहमी लावून ठेवावे, नाहीतर केस आत जातो आणि तो थेट घशात ओढला जातो. मांजराने बोचकारले तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर अधिकच जपावे, कारण त्यांनी अंगातील प्रतिकारशक्ती कमी होते.

चुलीऐवजी गॅसवर पाणी तापवण्याचा वाद आमच्याकडे अजून चालू आहे.

एक सांगायचे राहिले. ॲलर्जीची चाचणी कातडीवर टोचून करणार असतील तर सेटिरिझिनसारखी सर्दी-खाजेची गोळी आठवडाभर आधी बंद ठेवावी लागते. रक्ताच्या चाचणीला ती अट नाही. हेही खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही, तेव्हा तारीख घेतानाच विचारून केस पेपरवर लिहून घ्यावे.