पान ११ वरचा नर

"ओ म्याडम, ह्यो नर हाय की."

गगनबावड्याच्या बाजूला, कुंभीच्या खोऱ्यातल्या एका वाडीवरची शाळा. मी माझं खेकड्याचं पुस्तक छातीशी धरून मुलांना पानं दाखवत होते. पान ११ आलं. उताणा खेकडा, पोटाच्या झडपेखालून डोकावणारी पिल्लं. या चित्रावर मुलं हमखास "आई गं!" करतात. इथंही केलं. फक्त चौथीतला एक पोरगा पुढं सरकला, पोटावर बोट ठेवून म्हणाला, "नराच्या पोटात पिल्लं कुठनं आली?"

वर्ग खिदळला. गुरुजींनी डोळे वटारले. मी चित्राकडं बघितलं आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

खेकडा उताणा केला की पोटाशी घडी घालून चिकटवल्यासारखी एक पट्टी दिसते. ती शेपटी वाटते, पण ते त्याचं उदर, खाली दुमडलेलं. नराची पट्टी अरुंद, टोकाकडं निमुळती. मादीची रुंद, गोलसर, जवळजवळ अख्खं पोट झाकणारी, कारण त्याच झडपेखाली तिला अंडी सांभाळायची असतात. मला हे माहीत होतं. चित्र काढताना मात्र समोर होता तो मंडईतून आणलेला, घमेल्यात ठेवलेला एक दांडगा खेकडा. त्याचं पोट मी इमानदारीनं, रेघन् रेघ उतरवलं. मग पिल्लांची जागा केली, पिल्लं घातली. तो नर होता हे डोक्यातच आलं नाही.

शेजारच्या पान १० वर मजकूर अगदी बरोबर होता. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं अंड्यातून थेट इवलासा खेकडा होऊनच बाहेर येतात, समुद्रातल्या खेकड्यांसारखी आधी पाण्यात तरंगणाऱ्या अळीच्या रूपात नाही, आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात, असं सगळं लिहिलेलं. दुसऱ्या कुणी चित्रं काढली असती तर मी फोन करून त्याला झाडला असता. इथं लेखिका मीच, चित्रकार मीच. भांडायचं कुणाशी?

आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात. मीपण घरात तसंच बोलते, इथं लिहिताना तेवढी शहाण्यासारखी वागते. पण ती सवलत खेकड्याला देता येत नाही.

या गावात चित्रकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं आबालाल रहिमान येतात, कोटितीर्थ आणि रंकाळा ही तळी येतात, नाहीतर बाबूराव पेंटर येतात. आम्हीही शिकताना पंचगंगेच्या घाटावर बोर्ड मांडीवर घेऊन पाण्यातली दीपमाळांची प्रतिबिंबं काढलीत. त्यामुळं मी मुलांच्या पुस्तकात किडे, खेकडे, दवबिंदू नावाच्या किडेखाऊ वनस्पतीची चिकट पानं काढते म्हटल्यावर नातेवाइकांचा चेहरा पडतो. "पोर्ट्रेट करत नाहीस होय?" आमच्या मामांनी एकदा विचारलं. म्हटलं, करतो की मामा. खेकड्याचं.

तर तो पोरगा. शाळा सुटल्यावर मी त्यालाच विचारलं, मादी कुठं बघायला मिळेल? तो "चला" म्हणाला, जणू दुकानात नेतोय. भाताच्या खाचराच्या बांधाला गेलो. जुलै महिना, पाऊस बारीक पण न थांबणारा. त्यानं बिळाच्या तोंडाशी वाकून बघितलं, दोन बिळं सोडली, तिसऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. मी डोळे मिटले. बाहेर आली ती तांबूस-तपकिरी मादी, पाठीमागून दोन बोटांत धरलेली, नांग्या हवेत. "हिला खायची न्हाई. पिल्लंवाली सोडायची," तो म्हणाला. हे त्याला आजीनं शिकवलेलं. तोंडाशी फेसाचे बुडबुडे, आणि झडप थोडी उचलल्यावर आत पिल्लं: ज्वारीच्या दाण्याहून लहान, फिकट, एकमेकांच्या अंगावर चढलेली. प्रत्येकाला दोन नांग्या आणि आठ पाय, पूर्ण. एक पिल्लू झडपेच्या काठावर येऊन थांबलं आणि परत आत गेलं. मला दोन मिनिटं पेन्सिलच सुचली नाही. मग छत्री गुरुजींच्या हातात देऊन काढत बसले. कागद ओला, रेघ फाकत होती. तरी झडपेचा तो गोल काठ पकडला. काठावर बारीक केसांची झालर असते, तीही.

मादीला तिच्याच बिळाशी सोडली. ती आडवी आडवी आत गेली, वळून बघायची तसदी घेतली नाही.

परत आल्यावर उद्यमनगरात प्रेसवाल्यांकडं गेले. त्यांचं म्हणणं, "ताई, पोटाकडं कोण बघतंय?" अहो, एकानं बघितलं ना! सेंटर पिनचं, म्हणजे मधोमध दुमडून पिना मारलेलं चोवीस पानी पुस्तक, हजार प्रती, त्यातल्या निम्म्या अजून माझ्या पलंगाखाली. पान बदलायचं म्हणजे त्याच्याबरोबर छापलेली पानंही आली. शेवटी शुद्धिपत्र छापायचं ठरलं, पण नुसतं "चूक – बरोबर" नाही. पोस्टकार्डाएवढा कागद, एका बाजूला नराचं पोट, दुसऱ्या बाजूला मादीचं, आणि खाली ओळ: "पान ११ वर यातला कोण बसलाय?" आता मुलं आधी तो कागद ओढून घेतात, पुस्तक नंतर.

नवं चित्र रंगवायला आठ दिवस गेले. पावसाळ्यात आमच्याकडं जलरंग वाळता वाळत नाहीत, मी केस वाळवायचं यंत्र फिरवते, मग कागद पापडासारखा वाकतो. मूळ पुस्तकाच्या वेळी प्रकाशकांना खेकड्याच्या तोंडावर हसू हवं होतं. ते मी दिलं नाही. तडजोड म्हणून डोळे जरा मोठे केले होते, आणि हात तसाच वळलेला असल्यामुळं नव्या चित्रातही ते तेवढेच आले.

वाळल्यावर फोटो काढून गुरुजींच्या मोबाइलवर पाठवला, त्या पोराला दाखवा म्हणून. संध्याकाळी त्याचा आवाज आला, मागं पाऊस आणि कुणीतरी म्हशीला ओरडत असलेलं.

"म्याडम, आता मादी हाय. बरोबर हाय." मग थोडं थांबून, "पर डोळं लई मोठं केलायसा."