शोरूमचे वीस हजार आणि माझे दोन रविवार

गेल्या मे महिन्यात आंबा घाटात गाडी तापली तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. मागची सीट पाडून हापूसच्या १६ पेट्या भरलेल्या, शेजारी बाबा, एसी फुल, साखरप्याला चहा मारून वर लागलो आणि अर्ध्या घाटात डॅशबोर्डवर लाल दिवा. आमच्या गाडीला (२०१७ची डिझेल, सेकंडहँड घेतलेली, नाव मुद्दाम लिहीत नाही) टेम्परेचरचा काटाच नाही. इंजिन थंड असलं की निळा दिवा, फार तापलं की लाल, आणि मधे काहीच नाही. म्हणजे पेशंटला ताप किती आहे विचारलं तर डॉक्टरने एकदम "गेला" म्हणून सांगायचं, तसलं हे.

नशीब चांगलं की लगेच बाजूला घेऊन बंद केली, हेड गॅस्केट (इंजिनमधलं सील) वाचलं. कारण निघालं एकदम फालतू, रेडिएटर फॅनच्या कपलरची (वायर जोडायच्या प्लगची) एक पिन हिरवी पडून करंट जात नव्हता. आमचं घर रत्नागिरीत पांढऱ्या समुद्राच्या बाजूला आहे, गाडी वर्षभर खारा वारा खाते, पत्र्यापेक्षा आधी कपलर जातात हे तेव्हा कळलं. पण मला राग त्या पिनचा नाही आला, राग आला तो ह्याचा की गाडी पाचदहा मिनिटं हळूहळू तापत होती आणि ते मला सांगायला तिच्याकडे काही साधनच नव्हतं. तेव्हाच ठरवलं, काटा पाहिजे.

आधी सरळमार्गाने गेलो. शोरूमला. अ‍ॅडव्हायझर म्हणाला सर असलं काही कंपनीचं येत नाही, पार्ट नंबरच नाही तर जॉबकार्डवर काय लिहू. खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं, उद्या सेन्सरसाठी कापलेल्या कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) होजमधून गळलं आणि इंजिन बसलं तर तो कुणाला तोंड देणार. मग त्याने अ‍ॅक्सेसरी काउंटरवर पाठवलं. तिथे मात्र सगळं होतं. तीन गेजचा (काट्यांचा) सेट १३,५००, फिटिंग ५,५०० आणि फिटिंगवर १८ टक्के जीएसटी, झाले १९,९९०. वीस हजाराला दहा रुपये कमी. बसवणार कोण विचारलं तर म्हणे आमचा मुलगा येतो बाहेरून. तो मुलगा मी ओळखतो हो, साळवी स्टॉपच्या पुढे एका गॅरेजबाहेर टेप आणि हॉर्न बसवतो, चांगला पोरगा आहे पण घाईत असतो, आणि घाईतला वायरमन काय करतो, तर हार्नेसमधली (वायरींच्या जुडग्यातली) चालू वायर ब्लेडने सोलून दुसरी वायर गुंडाळतो आणि वर काळी टेप. पुण्यात ती टेप पाच वर्षं टिकत असेल. आमच्याकडे एका पावसात तिचा गूळ होतो.

म्हणून म्हटलं आपणच करूया. (बायको: "पंखा तीन महिने झाले कुर्रकुर्र करतोय." हो, बरोबर आहे.)

बूस्ट गेजचा (टर्बो किती हवा दाबतो ते दाखवणाऱ्या काट्याचा) नाद आधीच सोडला. तो बघायला भारी वाटतो पण हौसच आहे, आणि त्यापायी एका मित्राने दिलेला सल्ला ऐकला असता तर गोत्यात आलो असतो. तो म्हणाला बॉनेटमधे जी व्हॅक्यूमची नळी दिसेल तिला टी (तीन तोंडांचा जोड) मार. डिझेलला ती नळी बहुतेक वेळा व्हॅक्यूम पंपापासून ब्रेक बूस्टरला जाते, तिथे बूस्ट कधीच दिसणार नाही, काटा कायम मायनसमधे, आणि ती टी सुटली तर ब्रेक दगड. त्याऐवजी ६५० रुपयांचा ओबीडी डोंगल घेतला. स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, सर्व्हिस सेंटरवाले स्कॅनर लावतात तेच, त्यात खोचायचा आणि मोबाइलवर ब्लूटूथने सगळे आकडे. मॅनिफोल्डचं (इंजिनमधे हवा नेणाऱ्या नळीचं) प्रेशर तिथे किलोपास्कलमधे दिसतं. इंजिन बंद असताना इग्निशन ऑन केली की रत्नागिरीत शंभर-एकशेएक, म्हणजे ती नुसती हवा, त्याच्या वर जे जाईल तो टर्बोचा बूस्ट. गंमत म्हणजे घाट चढून आंब्याला गाडी थांबवली की तोच आकडा आपोआप खाली आलेला असतो, कारण वर हवाच विरळ. फुकटात उंचीमापक मिळाला.

आता कुणी म्हणेल मग टेम्परेचर पण डोंगलवरच बघ की, गेज कशाला. बघितलं महिनाभर. पण मोबाइल तापतो, ब्लूटूथ तुटतं, नेमका फोन येतो, आणि घाटात वळणावर स्क्रीनवर बोट फिरवत बसणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा. काट्याकडे नजर गेली की पुरतं, आकडा वाचावा पण लागत नाही. शिवाय डोंगल रात्री सॉकेटमधेच राहिला तर थोडा थोडा करंट पीत राहतो. तेव्हा कूलंटचा एक आणि व्होल्टचा एक, असे दोन ५२ एमएमचे गेज मागवले, ५,२०० रुपये.

वायरिंगला हात लावायच्या आधी मिरकरवाड्याच्या चाचांकडे गेलो. हे बोटींचं वायरिंग करतात, बाबांच्या ओळखीचे, वय सत्तरच्या आसपास. मी आणलेली वायर त्यांनी टोकाला सोलली, तांब्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ही घरात पंख्याला लाव रे." बोटीवर टिन कोटेड वायर वापरतात, म्हणजे आतल्या तांब्याच्या प्रत्येक तारेला कथिलाचा मुलामा, आपल्या पितळी भांड्यांना कल्हई करतात तीच गोष्ट. साधं तांबं खाऱ्या हवेत कापलेल्या टोकापासून हिरवं पडायला लागतं आणि ते हिरवं वायरच्या आत आत सरकत जातं, बाहेरून पीव्हीसी एकदम नवीकोरी आणि आत भुगा. म्हणून अशी खराब वायर टोकाला दोन इंच कापून उपयोग नसतो, काळं संपेपर्यंत मागे जावं लागतं. त्यांनी कल्हईवाली पाच मीटर दिली, पैसे घेतले नाहीत, पुढच्या फेरीला पेटी आण म्हणाले.

अजून दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या त्या कुठल्याच व्हिडिओत मला दिसल्या नव्हत्या. एक म्हणजे कपलरमधे वायर कधी वरून खाली सरळ आणायची नाही, आधी कपलरच्या खाली एक झोळ द्यायचा आणि मग वर चढवायची, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, कपलरमधे शिरत नाही. आपल्या कौलारू घरात सर्व्हिस वायर आत येते तिथे जुने वायरमन असाच झोळ ठेवायचे, आठवतं का बघा. दुसरं, जॉइंटला टेप नाही, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, गरम केली की दोन्ही टोकांनी गोंद बाहेर येतो आणि तोंड बंद.

पहिला रविवार. डॅशबोर्डची पट्टी काढताना क्लिप तुटली. कट्ट करून आवाज आला तेव्हाच पोटात गोळा. नवी पट्टी ९८०. फ्यूज बॉक्समधून सप्लाय घ्यायला फ्यूज टॅप वापरला, म्हणजे एकही मूळ वायर सोलायची गरज नाही, चावी फिरवली की चालू होणारा फ्यूज शोधायचा, त्याच्या जागी टॅप आणि टॅपमधे दोन फ्यूज, एक जुना आणि एक आपला. दोन गेज मिळून फारसा करंट घेत नाहीत, त्यामुळे छोटा ३ अँपिअरचा टाकला. लोक इथे हाताला येईल तो १५चा निळा ठोकतात, मग शॉर्ट झालं की फ्यूजच्या आधी वायर जळते. टॅपची बाजू उलटी बसली तर चालतं सगळं पण आपला करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो, त्याच्यावर जादा भार, मल्टिमीटर लावून आधी बघायचं सप्लायची पिन कुठली. आणि पिवळे कपलर दिसले की तिथे हात घालायचा नाही. ती एअरबॅगची वायरिंग. ते काम असेल तर गप शोरूमला जा, मी पण जाईन.

व्होल्टचा गेज तासाभरात चालू. बंद गाडीत १२.६, चालू केल्यावर १४.२. एवढा आनंद मला बारावीच्या निकालाला झाला नव्हता.

कूलंटचं प्रकरण मात्र दुसऱ्या रविवारवर गेलं. वरचा रेडिएटर होज कापून मधे अॅल्युमिनियमचा एक तुकडा बसवायचा, त्यात सेन्सर. हा तुकडा होजच्या आतल्या मापाचा लागतो, मी अंदाजाने ३४ मागवला, लागला ३६. परत ४५० रुपये आणि पाच दिवस. तोपर्यंत होज कापला नव्हता हे देवाचे उपकार. कापायचं काम शेवटी नाक्यावरच्या मेकॅनिककडून घेतलं, ५०० रुपये दिले, त्याने कूलंट काढून तुकडा बसवला, चारही बाजूंनी क्लॅम्प बघितले, एअर काढली. हे पैसे अजिबात टोचले नाहीत. कूलंटमधे हवा अडकली तर काटा वेड्यासारखा नाचतो आणि इंजिनला खरंच मार बसतो, तिथे शिकायची हौस मला नव्हती.

घरी येऊन वायर जोडली, चावी फिरवली, काटा मेलेला. गाडी गरम झाली तरी मेलेला. सप्लाय तपासला, फ्यूज तपासला, सेन्सर काढून परत लावला (परत कूलंट सांडलं), गेजच खराब म्हणून विकणाऱ्याला तावातावाने मेसेज केला. चार तास. संध्याकाळी चाचांना फोन केला तर ते हसायलाच लागले. सेन्सर एका वायरचा आहे ना, मग त्याला अर्थिंग कुठून मिळणार? इंजिन ब्लॉकमधे बसवलेला असता तर बॉडीतून मिळाला असता, माझा तुकडा दोन्ही बाजूंनी रबरात अडकलेला, अधांतरी. तुकड्याच्या स्क्रूला एक काळी वायर लावून बॉडीला दिली आणि काटा सर्रकन ७० वर. विकणाऱ्याला माफीचा मेसेज टाकला, त्याने अंगठा पाठवला.

बरं हा गेज कसा वाचायचा ते पण शिकावं लागलं. सेन्सर वरच्या होजमधे, म्हणजे थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या झडपेच्या) पुढे, त्यामुळे सकाळी बराच वेळ काटा झोपलेला असतो, आणि थर्मोस्टॅट उघडला की गरम पाणी येऊन एकदम उडी मारतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी गाडी थांबवून बॉनेट उघडलं होतं. आता माहितीये, सपाट रस्त्याला ८८ ते ९२, घाटात पेट्या भरलेल्या असल्या की ९७-९८, फॅन लागला की परत खाली.

हिशोब विचाराल तर, गेज ५,२००, डोंगल ६५०, वायर-फ्यूज-हीट श्रिंक १,१५०, क्रिम्पिंगची पकड ८५०, दोन तुकडे ९००, कूलंट ७८०, मेकॅनिक ५००, तुटलेली पट्टी ९८०. अकरा हजार दहा. शोरूमपेक्षा नऊ हजार वाचले म्हणून कॉलर ताठ करणार होतो पण त्यांचे तीन गेज होते, माझे दोन, आणि माझे दोन रविवार आणि एक रजा कुठे लिहू. वॉरंटीतली गाडी असती तर मी हे केलंच नसतं. चिपळूणच्या मावसभावाने नव्या गाडीला बाहेरून एलईडी बसवून घेतले, हेडलाइटची वायर कापून, पुढे भलतंच काहीतरी इलेक्ट्रिकल गेलं तर सर्व्हिस सेंटरने फोटो काढून वॉरंटी नाकारली. तिथे शोरूमचं बिल हातात असणं हीच खरी वस्तू, गेज दुय्यम. बाकी बंपरपुढे लोखंडी गार्ड वगैरे तर शोरूम, गॅरेज कुठेही लावू नका, २०१७च्या डिसेंबरात केंद्राने राज्यांना पत्र काढलंय त्यावर कारवाई करा म्हणून.

ह्या एप्रिलमधे पुन्हा पेट्या घेऊन घाट चढलो. पुढे उसाचा रिकामा ट्रक, ओव्हरटेकला जागा नाही, दुसऱ्या गिअरमधे रांगतोय, काटा ९८, १००, मग १०४. लाल दिव्याचा पत्ता नाही. एसी बंद केला, काचा खाली, आणि हीटर फुल गरमवर, कारण हीटर म्हणजे पण एक छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तेवढी केबिनमधे ओढून घेतो. बाहेर ३६ डिग्री, आत भट्टी. बाबा घाम पुसत पुसत काट्याकडे बघत, "१०२... १००... ९७ झाले रे" असं धावतं समालोचन करत होते. वर आंब्याला पोचल्यावर बॉनेट उघडून बघितलं तर रेडिएटरच्या जाळीत पाला आणि कसलेतरी किडे, बोटाने काढले, उतरताना काटा ९० वर.

एक काम अजून बाकी आहे. गेजची चौथी वायर हेडलाइटच्या सप्लायला जोडली की रात्री त्यांचा उजेड मंद होतो, ती मी अजून जोडलेलीच नाही, त्यामुळे रात्री दोन्ही गेज डोळ्यांवर येतात आणि त्यावर सध्या आईच्या शिलाईतला काळ्या कापडाचा तुकडा टाकतो. पावसाच्या आधी करायचंय. पंख्याचं पण.