इंजिन विकतचे, डबे घरचे

मी घरी बांधलेली रेल्वेच्या डब्याची छोटी प्रतिकृती बाबांनी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, डबा उलटा करून चाकांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "आपली गाडी पाय फाकवून उभी राहते. ही पाय जुळवून उभी आहे." इगतपुरीला बँकर इंजिनांवर, म्हणजे चढावर गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनांवर, नोकरीची उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाचे ते निरीक्षण होते आणि ते तंतोतंत बरोबर होते. छोट्या रेल्वेच्या छंदात मी वापरतो ते एचओ हे प्रमाण १ : ८७ असे आहे, म्हणजे खऱ्या ८७ मिलिमीटरला प्रतिकृतीत एक मिलिमीटर, आणि त्याच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या रुळांना ८७ ने भागले की हाच आकडा येतो. आपला ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचा असल्याने त्याचे उत्तर १९.३ च्या आसपास जाते. म्हणजे भारतीय गाडीची प्रतिकृती बाजारातल्या रुळांवर उभी केली, की ती जवळजवळ पावणेतीन मिलिमीटरने अंग चोरून उभी राहते. काटेकोर मंडळी यासाठी स्वतःचे रूळ हाताने बसवतात. मी तो नाद केला नाही आणि बाबांनीही नंतर तो विषय काढला नाही.

नाशिकरोडच्या आमच्या घरातील मागच्या खोलीत प्लायवूडवर कसारा घाटाचा एक तुकडा उभा राहत आहे, हे समजल्यापासून ओळखीतले दोन-तीन जण मला एकच प्रश्न विचारतात: सुरुवात करायची तर किट आणून जोडावे की तयार मॉडेल घ्यावे? "ज्याची त्याची आवड" असे म्हणून मला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण माझे मत ठरलेले आहे. इंजिन तयार घ्यावे. डबे, स्थानक आणि पूल घरी बांधावेत. हे मत मला फुकट मिळालेले नाही.

पहिले इंजिन मी किटच्या रूपात आणले होते. पितळेच्या पातळ पत्र्यावर कोरलेले भाग, एक छोटी मोटर, दंतचक्रांची पुडी आणि चार पानांची सूचनापत्रिका असा तो ऐवज होता. लहानपणी रेडिओ दुरुस्त करताना डाख द्यायला शिकलो होतो, त्या बळावर मी हे काम अंगावर घेतले. पितळेचा पत्रा उष्णता झपाट्याने पसरवतो, त्यामुळे एका कोपऱ्याला डाख देताना आधीचा कोपरा सुटतो, हे पहिल्याच आठवड्यात कळले. कवच तरी कसेबसे उभे राहिले, पण खरी अडचण त्याच्या खाली होती. मोटरच्या दांड्यावरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा भाग, आणि आसावरचे दंतचक्र यांच्यातील फट केसभर कमी झाली तर इंजिन करकरते आणि केसभर वाढली तर दाते घसरतात. मागच्या दोन चाकांतील आतले अंतर साधारण १४.४ मिलिमीटर हवे होते, ते माझ्या हातून एका बाजूला थोडे कमी राहिले, आणि सांध्यावर आले की इंजिन न चुकता रूळ सोडू लागले. आठ महिन्यांनी ते सपाट रुळावर, लंगडत का होईना, चालले. चढावर मात्र ते जागच्या जागी चाके फिरवत राहिले.

चढाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आमच्या भागात राहून रेल्वेचा देखावा करायचा आणि त्यात घाट नाही, असे होणे शक्य नाही. कसारा ते इगतपुरी हा चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते. म्हणूनच कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर लागतात आणि इगतपुरीला सुटतात. हाच चढ घरात आणायचा तर काय होते पाहा. एका गाडीवरून दुसरी गाडी जाण्यासाठी एचओमध्ये साधारण साडेसात सेंटिमीटर उंची लागते. साडेसात गुणिले सदतीस म्हणजे सुमारे २७७ सेंटिमीटर, अर्थात नऊ फुटांहून थोडा जास्त लांबीचा चढ. आमच्या खोलीची लांबी अकरा फूट आहे, तेव्हा बाकीचे सगळे वळणावर घ्यावे लागले. चढ आणि वळण एकत्र आले की इंजिनाची खरी परीक्षा होते. वजन नीट वाटलेले, सर्व चाकांतून वीज घेणारे, मोटरला जड चक्र जोडलेले कारखान्याचे इंजिन त्या चढावर पाच डबे घेऊन इतक्या संथपणे गेले, की बाबांनी टाळी वाजवली. ते इंजिन जर्मन आहे आणि त्यावर आपल्या रेल्वेची खूण कुठेही नाही. पण ते चढते.

डब्यांचे गणित वेगळे आहे. परदेशी बनावटीचे तयार डबे कितीही देखणे असले तरी त्यांच्या खिडक्यांना गज नसतात, आणि गज नसलेला डबा मला आपला वाटत नाही. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचा, शयनयान डबा, ज्यात नऊ कप्पे आणि ७२ बर्थ असतात, तो २१.३ मीटरचा; म्हणजे प्रतिकृतीत साडेचोवीस सेंटिमीटर लांब आणि सव्वासदतीस मिलिमीटर रुंद. मी भिंती सातपूरच्या एका वर्कशॉपमधून लेझरवर कापून घेतो, कारण इतक्या खिडक्या ब्लेडने कापताना दहाव्या खिडकीपर्यंत हात वाकडा होतोच. गज मात्र हातानेच बसवतो. प्लास्टिकची अर्ध्या मिलिमीटरची पट्टी, चिमटा, आणि टूथपिकच्या टोकावर घेतलेला द्रावक गोंदाचा थेंब एवढेच त्याला लागते. थेंब पट्टीच्या टोकाला टेकवायचा आणि श्वास रोखून तीनपर्यंत मोजायचे. एका खिडकीला सहा-सात मिनिटे लागतात.

या कामात चुका भरपूर झाल्या. पहिल्या डब्याच्या काचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या, मी झटपट चिकटणाऱ्या सायनोअ‍ॅक्रिलेटने बसवल्या आणि सकाळी पाहतो तर सगळ्या खिडक्यांवर हिवाळ्यातल्या धुक्यासारखा पांढरा थर. त्या गोंदाची वाफ काचेवर बसते, हे मला कुणी सांगितले नव्हते. दुसरा डबा ऐन जुलैत लॅकरने रंगवला. हवेतल्या दमटपणाने निळ्या रंगावर राखेसारखी छटा आली. तेव्हापासून रंगकाम दसऱ्यानंतरच करायचे असा नियम घरात झाला आहे, आणि पत्नीच्या मते या छंदातला तेवढा एकच नियम शहाणपणाचा आहे. तिसरा डबा रूळ सोडत राहिला, कारण तो फार हलका होता. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस अशी आहे, की डब्याचे वजन एक औंस आणि वर लांबीच्या दर इंचामागे अर्धा औंस असावे. माझ्या डब्याला तो हिशेब लावला तर सुमारे १६५ ग्रॅम भरतात. माझा डबा ७० ग्रॅमचा होता. डब्याच्या तळाखाली लोखंडी नट चिकटवले आणि तो शहाण्यासारखा वागू लागला.

किट स्वस्त पडते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. किटच्या खोक्यावर लिहिलेल्या किमतीत बहुधा चाके नसतात, डबे एकमेकांना जोडणारे कपलर नसतात, रंग तर नसतोच. त्यानंतर कानशी, पॉलिश पेपर, प्रायमर, बारीक ब्रश, अक्षरांचे स्टिकर, बाहेरून मागवलेल्या वस्तूंवरचे सीमाशुल्क, आणि बिघडलेला पहिला डबा हे सगळे जमेस धरले तर तयार डब्याची किंमत केव्हाच मागे पडते. पैसे वाचवण्यासाठी कुणी बांधू नये. जे बाजारात मिळत नाही, ते हवे असेल तर बांधावे.

दुसऱ्या टोकाची एक मिजासही मला पटत नाही. "स्वतः जोडले नाही तर तो कसला छंद" असे म्हणणारे लोक भेटतात. पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे गेलो तेव्हा मी देखावा सोडून प्रेक्षकांकडेच अधिक पाहत होतो. गाडी बोगद्यात शिरली की मुले दुसऱ्या तोंडाशी धावत होती. कोणता भाग कोणी चिकटवला, हे कोणीही विचारले नाही. गाडी चालली पाहिजे, ही पहिली अट आहे.

आता माझ्यासमोरचा पेच निराळाच आहे. बाबांना खेकडा हवा आहे. एकेकाळी घाटात चालणारे डब्ल्यूसीजी-१ हे विजेचे इंजिन, ज्याची पहिली तुकडी १९२८ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या विंटरथूरहून आली, त्याला चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांच्या हालचालीमुळे आपल्याकडे सगळे खेकडाच म्हणत. मधे केबिन आणि दोन्ही बाजूंना लांब नाके अशी त्याची ठेवण, स्वित्झर्लंडच्या प्रसिद्ध 'क्रोकोडाइल' इंजिनाच्या कुळातली. क्रोकोडाइल तयार मिळते. त्यात मार्कलिन या जर्मन कंपनीचे इंजिन माझ्या कामाचे नाही, कारण ते रुळांमधल्या खिळ्यांतून वीज घेते आणि माझ्या दोन रुळांच्या मार्गावर चालत नाही. पण दोन रुळांवर चालणारे एक वापरलेले इंजिन मी मिळवले आहे. मूळ क्रोकोडाइलला दोन्ही टोकांना एकेक लहान चाकजोडी जास्त असते, खेकड्याला ती नव्हती. म्हणजे ती काढायची, नाके कापायची, वरचे कवच पत्र्याचे नव्याने बांधायचे आणि खालची यंत्रणा कारखान्याची तशीच ठेवायची.

मी कागदाचे कवच करून ते त्यावर ठेवून दाखवले. बाबांनी डोळे रुळांच्या पातळीवर आणून दोन्ही बाजूंनी पाहिले आणि एवढेच म्हणाले, "दांडे हलले पाहिजेत. दांडे न हलणारा खेकडा म्हणजे नुसता डबा." दांडे हलतात, ते कारखान्याचेच आहेत. करवतही आणून ठेवली आहे. चालते इंजिन तीनदा खोक्यातून काढून टेबलावर ठेवले, कुठे कापायचे तिथे पेन्सिलची खूण केली आणि तिन्ही वेळा, आधी घाटावरून एक फेरी मारून, परत खोक्यात ठेवले.