खिडकी कोणत्या बाजूची?

नागपूर-मुंबई विमानाचं वेब चेक-इन उघडलं की माझा हात आपोआप डावीकडच्या 'ए' सीटकडे जातो. कारण एकच, लोणार. दोन्ही शहरांमध्ये सरळ रेघ ओढली तर सरोवर तिच्या थोडं दक्षिणेला येतं. उड्डाणानंतर साधारण अर्ध्या तासानं खाली बघायला लागायचं. आधी समृद्धी महामार्गाचा फिकट पट्टा शोधायचा, मग त्याच्या पलीकडे नजर न्यायची. हवा स्वच्छ असली तर तो गोल दिसतोच: कडेला गर्द झाडी, मध्ये हिरवट पाणी. जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचा हा खड्डा उल्केनं पाडलाय, हे काठावर उभं राहून पटत नाही तेवढं वरून पटतं.

हिवाळ्यात ऊन याच बाजूनं येतं आणि फोटो काचेच्या चकाकीनं बिघडतात. नुसते फोटोच हवे असतील तर उजवीकडची 'एफ' घ्या. मला सरोवर सोडवत नाही.

पंखावरच्या रांगा मात्र टाळाच. त्यांच्या मागे बसलं तर इंजिनच्या गरम हवेनं खालचं दृश्य थरथरतं. म्हणून पुढच्या रांगा. थोडे पैसे जास्त लागतात, मी देते.

परतताना विमान आग्नेयेकडून उतरत असेल तर नागपूर शहर उजवीकडे राहतं. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट आईला मी तसाच दाखवला. काचेला कपाळ टेकवून ती बघतच राहिली. येताना लोणारही उजवीकडेच, तेव्हा 'एफ' डोळे मिटून घ्या.