घोडा आणि खुर्जी

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पूर्वेला, अ‍ॅपलेशियन डोंगररांगांत वसलेल्या हायडन या छोट्याशा गावात दरवर्षी शरद ऋतूत घोड्यावरून घरोघरी पोहोचणाऱ्या परिचारिकांची सेवा उभारणाऱ्या मेरी ब्रेकिन्रिज यांच्या नावाने उत्सव भरतो. अशा उत्सवांत घोडा भाव खाऊन जातो, आणि पुराचे पाणी ओलांडून बाळंतपणाला निघालेली घोडेस्वार परिचारिका हे चित्र आहेच तसे देखणे. माझा जीव मात्र घोड्याच्या पाठीवरच्या खुर्जीत, म्हणजे सामानाच्या पिशवीत, अडकतो.

ब्रेकिन्रिज यांची दोन्ही मुले लहानपणीच दगावली. पुढे त्यांनी महायुद्धानंतरच्या फ्रान्समध्ये काम केले, इंग्लंडमध्ये सुईणपणाचे शिक्षण घेतले, स्कॉटलंडच्या विखुरलेल्या वस्त्यांना मिळणारी वैद्यकीय सेवा 1924 साली स्वतः फिरून पाहिली आणि पुढच्याच वर्षी, हायडन ज्यात येते त्या लेस्ली काउंटीत (जिल्ह्यात) आपले काम उभे केले. 1928 पासून ते ‘फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस’ या नावाने ओळखले जाऊ लागले. गाडीरस्ते जवळजवळ नव्हतेच. म्हणून सुमारे 700 चौरस मैलांच्या त्या मुलखात घोड्यावरून वेळेत पोहोचता येईल अशा अंतरांवर केंद्रे उभारली गेली, आणि त्यांसाठी स्थानिकांनी लाकूड दिले, श्रमही दिले.

खुर्जीत बाळंतपणाचे साहित्य असे, शिवाय डॉक्टरांनी मंजूर केलेल्या सूचनांची एक पुस्तिकाही असे. डॉक्टर हाताशी नसताना परिचारिकेने कोणते औषध द्यावे आणि कुठे थांबावे, हे तीत लिहिलेले असे. सारा कारभार या पुस्तिकेवर आणि गरोदरपणापासून काटेकोरपणे ठेवलेल्या नोंदींवर चाले. बाळंतपणाची फी पाच डॉलर होती. पैसे नसतील तर चारा किंवा अंगमेहनतही चाले. एका मोठ्या विमा कंपनीने 1932 साली पहिल्या हजार बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गरोदरपण वा प्रसूती या थेट कारणाने एकही स्त्री दगावली नसल्याचे आढळले.

गौरव करताना दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रेकिन्रिज वंशभेद मानत आणि त्यांच्या कारकिर्दीत कृष्णवर्णीय परिचारिकांना या सेवेत जागा नव्हती.

1939 साली युद्ध पेटले आणि सेवेतील अनेक ब्रिटिश परिचारिका मायदेशी परतल्या. माणसे कमी पडू लागताच संस्थेने सुईणपणाचे स्वतःचे विद्यालय काढले. आज ते विद्यापीठ झाले आहे.